फोन वाजला की गेम अडकतो: घरातल्या टेलिफोन वायरिंगचा तपास

"दादा, परत गेलं!" ही आरोळी आमच्या घरात दोनेक महिने रोज ऐकू यायची. धाकटा भाऊ गेममध्ये शेवटच्या चार-पाच जणांत उरलेला असायचा. समोरचा शत्रू खांबाआड नाहीसा व्हायचा, थेट याच्या पाठीशी उगवायचा आणि खेळ खलास. मी लगेच स्पीड टेस्ट लावायचो. आकडा चोख. व्हिडिओ लावला तर कुठे अडखळत नाही. मग मीच त्याला ऐकवायचो की नेट ठणठणीत आहे, तुलाच खेळता येत नाही. दोन मोडेम बदलून झाले, मोठा प्लॅन घेऊन झाला, तक्रारी नोंदवून झाल्या. शेवटी दोष सापडला कपाटामागच्या एका जॉइंटमध्ये. त्या जॉइंटवरून जी वायर पुढे जात होती, तिच्या टोकाच्या सॉकेटला कित्येक वर्षांत कुणी फोन लावलेला नव्हता.

पुढे जे लिहिलं आहे ते तांब्याच्या टेलिफोन वायरवरून येणाऱ्या ब्रॉडबँडबद्दल आहे, म्हणजे एडीएसएल आणि व्हीडीएसएल (दोन्ही मिळून डीएसएल). घरापर्यंत फायबर आलं असेल तर भिंतीतल्या जुन्या फोनच्या वायरचा तुमच्या पिंगशी, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन लागणाऱ्या वेळेशी, काही संबंध नाही. तुमचा चोर दुसरीकडे आहे.

स्पीड टेस्ट का फसवते

स्पीड टेस्ट काही सेकंदांत किती माल आला त्याची सरासरी सांगते. मध्येच एखादं पॅकेट, म्हणजे माहितीचा एक छोटा तुकडा, गहाळ झालं तर ते परत मागवलं जातं आणि सरासरीवर ओरखडाही उमटत नाही. व्हिडिओ तर पुढचा बराच भाग आधीच भरून ठेवतो, त्यामुळे क्षणभर लाइन आंधळी झाली तरी पाहणाऱ्याला पत्ता लागत नाही. गेमचं तसं नसतं. बहुतेक वेगवान गेम यूडीपीने बोलतात, म्हणजे हरवलेलं पॅकेट आपोआप परत न मागवणाऱ्या पद्धतीने. सर्व्हर सेकंदाला ६४ वेळा हिशोब करत असेल तर दर साडेपंधरा मिलिसेकंदांनी एक छोटं पॅकेट यायला हवं. ते हरवलं तर परत मागवण्यात अर्थ नसतो, कारण तोवर समोरचा खेळाडू दुसरीकडे पोचलेला असतो. आणि या सगळ्याला वेग लागतो किती, तर सेकंदाला फार तर काहीशे किलोबिट. म्हणून लॅग, म्हणजे गेमचं हे अडखळणं, घालवण्यासाठी मोठा प्लॅन घ्या, हा सल्ला म्हणजे नळ गळतो म्हणून मोठी टाकी बसवण्यातला प्रकार. मी बसवली होती.

आधी वाय-फायला निर्दोष ठरवा

वायरिंगला हात लावण्याआधी कॉम्प्युटर किंवा कन्सोल लॅन केबलने थेट राउटरला जोडा. मग पिंग कमांडच्या दोन खिडक्या शेजारी-शेजारी उघडा. एकीत राउटरचा स्वतःचा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा तसाच काहीतरी, आणि दुसरीत बाहेरचा एखादा नेहमी चालू असणारा पत्ता. केबलवर राउटरचा पिंग एक मिलिसेकंदाच्या आसपास यायला हवा. केबल लावताच सगळं सुरळीत झालं तर दोष वाय-फायचा होता आणि भिंत फोडायची गरज नाही.

राउटर ठीक आणि बाहेरचा पिंग बिघडलेला असेल, तर बिघाड कसा दिसतो ते नीट बघा. पिंग चढत चढत दोनशे-चारशेवर जाऊन तिथेच ठाण मांडत असेल तर घरात कुणाचा तरी मोबाईल गुपचूप फोटो वर चढवत असतो आणि अपलोडची रांग तुंबलेली असते. तो वायरचा दोष नाही. सगळी उपकरणं बंद करून पुन्हा बघा. उलट पिंग एरवी एकाच आकड्यावर स्थिर आहे आणि मधूनच 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'च्या एक-दोन ओळी येतात, किंवा मोडेमचा डीएसएलचा दिवा लुकलुकून मिनिट-दोन मिनिटं सगळंच बंद पडतं, तर संशय तांब्यावर घ्या.

मोडेमच्या आत डोकावा

राउटरच्या पानावर 'डीएसएल स्टेटस' किंवा 'लाइन स्टॅटिस्टिक्स' अशा नावाचा एक कोपरा असतो. बहुतेक लोक तो कधी उघडत नाहीत. तिथे चार गोष्टी बघायच्या.

पहिली एसएनआर मार्जिन. गोंगाटाच्या वर सिग्नलला किती मोकळी जागा उरली आहे, हे ती डेसिबलमध्ये सांगते. लाइन जुळताना साधारणपणे ६ डेसिबलचं लक्ष्य ठेवलेलं असतं. आकडा ६ आहे की ९ यापेक्षा तो हलतो किती, हे महत्त्वाचं. दुपारी ८ आणि फोन उचलला की २, असं दिसलं तर तिथेच उत्तर आहे. दुसरी अ‍ॅटेन्युएशन. सिग्नल वाटेत किती क्षीण होतो ते ती सांगते आणि मुख्यतः वायरच्या लांबीवर ठरते, म्हणून एरवी तिच्याकडे नुसती नजर टाकायची. ती अचानक वाढली तर मात्र कुठेतरी जॉइंट सुटत आलेला असतो. तिसरी सीआरसी एरर, म्हणजे वाटेत खराब झालेल्या माहितीची मोजणी, आणि चौथी लाइन जुळल्यापासून झालेला वेळ. रोज सकाळी हा वेळ दोन-चार तासच दिसत असेल तर रात्री लाइन तुटून पुन्हा जुळते आहे.

सीआरसीचा एकूण आकडा बघून घाबरू नका. महिनाभर चालू असलेल्या मोडेमवर तो हजारांत असू शकतो. कागद घ्या, आकडा आणि वेळ लिहा, पंधरा मिनिटांनी पुन्हा लिहा. मग लँडलाइनचा रिसीव्हर उचला, ठेवा, मोबाईलवरून लँडलाइनला रिंग द्या आणि पुन्हा लिहा. आमच्याकडे पंधरा शांत मिनिटांत ३ एरर वाढल्या होत्या. एका रिंगनंतर २१४.

एक एरर म्हणजे नक्की काय? मूळ एडीएसएलमध्ये माहिती १७ मिलिसेकंदांच्या गठ्ठ्यांत बांधलेली असते आणि प्रत्येक गठ्ठ्यावर तपासणीचा एक शिक्का असतो. तो जुळला नाही की सीआरसी एक वाढते आणि त्या गठ्ठ्यात खराब झालेली पॅकेट गेली. ब्राउझर ती परत मागवतो. गेम नाही.

पण खरी मेख पुढे आहे. एरर फार व्हायला लागल्या की टेलिफोन एक्स्चेंजकडची यंत्रणा लाइन सावरायला स्वतःहून उपाय करते, आणि त्यातला एक उपाय म्हणजे इंटरलीव्हिंग. पत्ते पिसतात तसा हा प्रकार. सलग येणारे बाइट्स पिसून पाठवायचे, म्हणजे मध्येच गोंगाटाचा तडाखा बसला तरी एकाच डावाचे सगळे पत्ते जात नाहीत, अनेक डावांतला एकेक पत्ता जातो आणि तो दुरुस्तीच्या कोडने भरून काढता येतो. युक्ती उत्तम आहे. मात्र पिसलेले पत्ते पुन्हा लावायचे तर पुरेसे पत्ते हातात येईपर्यंत थांबावं लागतं. हे थांबणं एका दिशेला आठ, सोळा किंवा त्याहून जास्त मिलिसेकंदांचं असतं आणि ते प्रत्येक पॅकेटला भोगावं लागतं, गोंगाट असो वा नसो. म्हणजे जॉइंट खराब तुमच्या घरात, त्यातून एरर, त्या एररवरचा इलाज म्हणून पिंग कायमचा वाढलेला. नव्या लाइनांवर इंटरलीव्हिंगऐवजी खराब तुकडा पुन्हा पाठवण्याची पद्धतही असते. तिचा बोजा कमी, पण लाइन फारच खराब असेल तर तीही हात टेकते.

रिकामं सॉकेट निरुपद्रवी नसतं

फोनवरचा आवाज साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झमध्ये बसतो. एवढ्यासाठी वायर कशीही ओढली तरी चालायची. म्हणून जुन्या घरांत एका सॉकेटमधून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं असं जाळं पसरलेलं असतं आणि 'हॅलो' ऐकू येतं म्हणून सगळे खूश असतात. त्याच वायरवर एडीएसएल ११०० किलोहर्ट्झपर्यंत चढतं, एडीएसएल२+ त्याच्या दुप्पट, आणि व्हीडीएसएल२ तर १७ मेगाहर्ट्झच्याही वर. तिथे तांब्याचे नियम वेगळे असतात.

समजा मुख्य वायरला एक फाटा फुटला आहे आणि त्याच्या टोकाला काहीच नाही. सिग्नल फाट्यात शिरतो, टोकाला आपटतो आणि उलटा येतो. वायरमध्ये तो सेकंदाला साधारण २० कोटी मीटर धावतो. फाटा १० मीटरचा असेल तर जाऊन-येऊन २० मीटर, आणि सुमारे ५ मेगाहर्ट्झला तो नेमका उलट्या तालात परत येऊन मूळ सिग्नलला खोडतो. १५ मेगाहर्ट्झला पुन्हा तेच. हा पट्टा व्हीडीएसएलच्या ऐन वापराचा. फाटा २५ मीटरचा असेल तर खड्डा २ मेगाहर्ट्झला पडतो, ५० मीटरचा असेल तर १ मेगाहर्ट्झला, म्हणजे थेट एडीएसएलच्या अंगणात. या खड्ड्याने वेग आणि मार्जिन खाल्लं जातं. वर हाच फाटा अँटेनासारखा घरातला गोंगाट गोळा करून लाइनवर ओततो. त्यातून एरर.

आमच्या कपाटामागचा फाटा असाच होता. टॉर्च घेऊन आत डोकं घातलं तेव्हा दिसलं, की दोन्ही वायर सोलून मुख्य वायरला बोटांनी पिळून जोडल्या होत्या आणि वर काळी टेप. टेपचा गोंद पाघळून चिकट झालेला, त्यावर धुळीची साय. टेप सोडवली तर आतलं तांबं काळं पडलेलं आणि एका बाजूला हिरवट. एक धागा तर नुसता टेकलेला होता. असा गंजलेला जॉइंट कधी जोडतो, कधी तोडतो. रिंग येते तेव्हा लाइनवर सत्तर-नव्वद व्होल्टचा एसी दाब येतो, रिसीव्हर उचलला की प्रवाह बदलतो, आणि अशा प्रत्येक धक्क्याला या जॉइंटचं वागणं बदलतं. कधी उलटंही होतं: फोनवर बोलून ठेवला की प्रवाहाने गंजाचा पापुद्रा तात्पुरता फुटतो आणि पुढचा तासभर नेट झकास चालतं. आमची आजी म्हणायची, "मी बोलून घेते म्हणजे याचं यंत्र सुरू होईल." आम्ही हसायचो. तिचंच निदान बरोबर निघालं.

एकाच चाचणीत निम्मं घर बाजूला

मी जे दोन महिने केलं नाही ते तुम्ही पहिल्या दिवशी करा. बाहेरची वायर घरात येते तिथली पहिली पेटी शोधा. काही पेट्यांत झाकण काढलं की आत चाचणीचं सॉकेट असतं, ज्यात प्लग घातला की घरातलं सगळं वायरिंग आपोआप तुटतं. तसं नसेल तर घरात जाणाऱ्या वायर तिथे सोडवून ठेवा, कोणती कुठे होती त्याचा आधी फोटो काढा, आणि मोडेम छोट्या वायरने थेट तिथे लावा. घरातले सगळे फोन आपोआप बाद. आता तोच कागद, तेच आकडे, निदान एक संपूर्ण संध्याकाळ.

मार्जिन वाढलं आणि एरर थांबल्या तर दोष तुमच्या घरातला. काहीच फरक पडला नाही तर दोष मोडेमचा, त्याच्या वायरचा किंवा बाहेरचा. मोडेम आणि वायर दुसऱ्याकडून मागून तेवढं तपासता येतं.

दोन सूचना. पेटीच्या बाहेरच्या बाजूची वायर कंपनीची असते, तिला हात लावायचा नाही. आणि ढगांचा गडगडाट चालू असताना हे काम अजिबात नको. एरवी लाइनवर ४८ व्होल्ट डीसी असतात, ते फारसे जाणवत नाहीत. पण हातात उघडी वायर असताना रिंग आली तर चांगला झटका बसतो. मला बसला आहे.

दोष घरातलाच असेल तर

सगळ्यात आधी नको असलेले फाटे तोडा. पहिल्या पेटीतून मोडेमपर्यंत एकच सरळ वायर जायला हवी, मध्ये कुठे जोड नको. आमचं नव्वद टक्के काम इथेच संपलं.

वायर बदलायची असेल तर पीळ असलेली घ्या. लॅनसाठी वापरतात ती कॅट ५ई केबल चालते. पिळाचं कारण साधं आहे: दोन्ही तारांवर गोंगाट सारखाच बसतो, मोडेम दोघींतला फरक मोजतो, त्यामुळे गोंगाट वजा होतो. अलेक्झांडर ग्रॅहम बेलने १८८१ सालीच हे पेटंट केलं होतं, आणि तरी आजही घरोघरी सतरंजीखालून ती चपटी, बिनपिळाची वायर पंधरा-पंधरा मीटर सरपटत असते. मोडेमसोबत येणारी चपटी वायर एक-दोन मीटरपुरती ठीक. लांब जायचं असेल तर मोडेम पेटीजवळ ठेवा आणि पुढे लॅन केबल न्या. ती शंभर मीटरपर्यंत तक्रार करत नाही.

कॅट ५ईमध्ये चार जोड्या असतात. दोन्ही तारा एकाच जोडीतल्या घ्या, निळी आणि तिची पांढरी-निळी. एक निळी आणि एक नारंगी अशी लावली तर डायल टोन येतो, बोलणं होतं, सगळं बरोबर वाटतं, पण पिळाचा फायदा शून्य. ही चूक जाणकार वायरमनही करतात, कारण त्यांच्या टेस्टरवर ती दिसत नाही. ब्रिटिश पद्धतीच्या सॉकेटमध्ये तिसऱ्या टर्मिनलवर घंटीसाठी एक तार असते. आजच्या फोनना ती सहसा लागत नाही आणि ती जोडीचा तोल बिघडवते, म्हणून तीही काढून टाकतात.

जोड द्यायचाच असेल तर आत जेल भरलेले दाबायचे कनेक्टर वापरा. वायर सोलायची नाही, तशीच आत सारून पकडीने दाबायची. जेलमुळे हवा-ओल लागत नाही. पिळून टेप लावणं हा जोड नव्हे.

फिल्टरचं थोडक्यात. फोनचा आवाज आणि ब्रॉडबँडचा सिग्नल एकमेकांत मिसळू न देणारी ही छोटी डबी. प्रत्येक फोनला, फॅक्स मशिनला आणि हो, भिंतीवरच्या चोरघंटीलाही फिल्टर हवा. चोरघंटी सगळे विसरतात. त्यापेक्षा पहिल्या पेटीतच एक स्प्लिटर बसवून फोन आणि मोडेम तिथेच वेगळे करणं केव्हाही बरं. फिल्टर मरतातही. एकेक काढून, बदलून बघा.

फक्त अंधार पडल्यावर बिघडतं?

हा प्रश्न हमखास येतो. मध्यम लहरींचं रेडिओ प्रक्षेपण ५३० ते १६०० किलोहर्ट्झच्या आसपास असतं, म्हणजे डीएसएलच्याच पट्ट्यात, आणि सूर्यास्तानंतर त्या लहरी आकाशातून परावर्तित होऊन खूप दूरवर पोचतात. त्यामुळे रात्री मार्जिन थोडं उतरणं साहजिक आहे. वायरिंग चांगलं असेल तर लाइन ते पचवते. बिनपिळाची वायर आणि लोंबते फाटे असतील तर मात्र तेवढ्यानेही लाइन तुटते.

संध्याकाळचा दुसरा संशयित म्हणजे घरातली उपकरणं: स्वस्त अ‍ॅडाप्टर, दिव्यांचे डिमर, मोटारी. जुना ट्रान्झिस्टर असेल तर तो मध्यम लहरींवर दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लावा आणि घरभर फिरवा. आमच्याकडे एका चार्जरपाशी तो तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा चरचरला. चार्जर उपटला, आवाज बंद. अशा वस्तूपासून फोनची वायर लांब ठेवा, नाहीतर ती वस्तू टाकून द्या.

दुरुस्तीनंतर मोडेम दर तासाला बंद-चालू करू नका. एक्स्चेंजकडच्या यंत्रणेला ते लाइन पुन्हा पुन्हा तुटल्यासारखंच दिसतं आणि ती आणखी सावध होते. मोडेम चालू ठेवून काही दिवस जाऊ द्या. आमच्या एरर त्याच रात्री थांबल्या, पिंग मात्र ४६ च्या खाली येईना. सहाव्या दिवशी सकाळी लाइन स्वतःहून एकदा तुटून जुळली आणि पिंग २७. इंटरलीव्हिंग निघालं होतं. तसं होत नसेल तर कंपनीला फोन करून लाइन 'फास्ट पाथ'वर, म्हणजे इंटरलीव्हिंगशिवाय, टाकायला सांगता येतं, पण आधी दुरुस्ती, मग विनंती. उलट केलंत तर एरर थेट गेममध्ये उतरतील.

आणि पहिल्या पेटीवरच आकडे खराब येत असतील, तर कागद जपून ठेवा. लाइनमन येईल तेव्हा वेळेनुसार लिहिलेलं मार्जिन, एरर आणि लाइन किती वेळा तुटली ते त्याच्या हातात द्या. 'गेम लॅग होतो' एवढंच सांगितलंत तर तो स्पीड टेस्ट लावेल, आकडा बरा येईल आणि तो निघून जाईल. त्याआधी एक करा: पहिल्या पेटीला साधा, वायरवाला फोन लावा, एक अंक दाबून डायल टोन घालवा आणि शांततेत कान द्या. खरखर किंवा टकटक ऐकू आली तर तक्रार ब्रॉडबँडची नोंदवू नका, फोनच्या आवाजाची नोंदवा. खरखरीच्या तक्रारीवर स्पीड टेस्ट दाखवून सुटका होत नाही. बाहेरचा जॉइंट उघडावाच लागतो.